वरची काच

काच पुसणाऱ्या माणसाला रंग काढण्याचं काम द्यावं की देऊ नये, या प्रश्नावर आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळानं एक ठराव केलेला आहे. देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. ठराव एकमतानं झाला, भाषा शुद्ध आहे आणि अक्षर माझं आहे. माझ्या हातून आयुष्यात बरंच काही लिहून झालं, पण लिहिलेलं खोडावंसं वाटतं असं फार थोडं. त्यात हा ठराव पहिला.

गावाचं नाव सांगत नाही. चांदा जिल्ह्यातलं, चिमूरहून मोटारीनं दीड-दोन तासांवरचं, एवढं पुरे. मंडळातले दोघं अजून हयात आहेत आणि दोघांनाही वाचायची सवय आहे. मी जंगल खात्यात कारकून होतो. दिवसा सागाच्या लठ्ठ्यांवरचे नंबर वहीत उतरवायचे आणि संध्याकाळी सार्वजनिक वाचनालयाचा मानद चिटणीस व्हायचं, असा माझा क्रम. मानद म्हणजे ज्याला गावातला कुणीही रस्त्यात अडवून 'गुणवंतराव, आज पेपर काऊन नाई आला?' असं विचारू शकतो तो.

तर, आमच्या वाचनालयात वाचता येत नसे. महायुद्धाच्या काळात दिवे झाकण्याचा हुकूम आला, तेव्हा सगळ्या काचांना काळा रंग फासला गेला होता. जपानी विमानं आमच्या गावावर कशाला येतील, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही. जपान्यांना आपलं गाव माहीत आहे म्हणून लोकांना थोडा अभिमानच वाटला असावा. ठेकेदारानं तर उत्साहाच्या भरात काचा आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी रंगवल्या. खिडक्यांच्या बारा काचा, आणि मुख्य दारावरची ती अर्धगोल मोठी काच. युद्ध संपलं, इंग्रज गेले, मालगुजारी गेली, काळा रंग राहिला. वाचक पेपर घेऊन ओसरीत बसत. कपाटातली पुस्तकं आम्ही चाचपून काढायचो. एकदा एका सोवळ्या बाईंना हरिपाठाऐवजी 'जनावरांचे रोग व उपचार' गेलं आणि त्यांनी ते न उघडताच दोन दिवस देवापुढे ठेवलं. मग त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. तो काय बोलला ते इथं लिहीत नाही. पण त्या दिवशी मी ठरवलं की काचांचा रंग काढायचा.

हे सत्तावन्न सालच्या जानेवारीतलं. इमारत सरकारी, म्हणून परवानगी लागणार. मी अर्ज केला. कचेरीतल्या बाबूनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "रंग हुकमानं लावला होता. तो हुकूम रद्द झाल्याचा हुकूम कुठं आहे?"

"अहो, युद्ध संपून अकरा वर्षं झाली."

"ते मलेबी माहीत आहे. फायलीले माहीत आहे काय?"

फायलीला माहीत नव्हतं. त्यात आमचा मुलूख नोव्हेंबरातच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळे फायल कुठल्या गावी आहे हे कुणालाच सांगता येईना. मी तीन अर्ज आणि दोन स्मरणपत्रं पाठवली. शेवटी मार्चमध्ये उत्तर आलं. पुन्हा युद्ध झाल्यास रंग पूर्ववत लावून देण्याच्या अटीवर काढण्यास हरकत नाही. मी तशी हमी लिहून दिली. ती अजून कुठंतरी असेल, आणि पुन्हा युद्ध झालं तर मला ब्रश घेऊन निघावं लागेल.

आता रंग काढणार कोण? गावातला एकुलता एक पेंटर रंग लावायचा. काढायला सांगितलं तेव्हा त्याला अपमान वाटला. सुतार म्हणाला, काच माझ्या जातीची वस्तू नाही. मग मला इसरू आठवला.

इसरू काच पुसायचा. आमच्याएवढ्या गावात काच पुसणं हा धंदा होऊ शकतो असं कुणाला खरं वाटणार नाही, पण त्यानं तो केला होता. मोहर्लीकडच्या एका साहेबाच्या बंगल्यावर तो वीस वर्षं फरास, म्हणजे दिवे-काचा पुसणारा नोकर, होता. साहेब विलायतेला गेला तेव्हा इसरूजवळ राहिली ती एवढीच विद्या. डाकबंगला, दवाखाना, फोटोवाल्याचं दुकान, बँक आणि डॉक्टरीणबाईंचा हॉल, या पाच ठिकाणच्या काचा तो पाळीपाळीनं पुसत असे. आधी ओला कागद, मग तोंडाची वाफ, मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा. शेवटी डोळे मिटून काचेवरून बोटांची टोकं फिरवायची. कुठं काही राहिलं असलं तर ते डोळ्यांना नाही, बोटांना कळतं, असं तो म्हणे. आमचे अध्यक्ष देवाजी पाटील एकदा डाकबंगल्यात दार उघडं आहे असं समजून सरळ काचेवर जाऊन आदळले होते. कपाळाला टेंगूळ आलं, पण इसरूचं नाव झालं.

मी त्याच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाई जी, भाऊ. मी काच पुसतो. रंग काढत नाई."

"अरे, काचेवर धूळ असते ती पुसतोस ना? ही काळी धूळ आहे असं समज."

"धूळ काचेची नसते भाऊ, ते वरून येते आन निघून जाते. रंगाचं तसं नाई. कोनीतरी बसून लावला असते तो. काय समजून लावला, खाली काय हाय, मले का माहीत? आन माह्या हाताले हलकं काम येते. जोराचं नाई."

आता इथं मी थांबायला हवं होतं. समोरचा माणूस स्वतःच्या कामाविषयी इतकं स्पष्ट बोलतोय, आणि मी, ज्यानं जन्मात एक काच पुसली नव्हती, त्याला समजावत बसलो. मी स्वावलंबनावर बोललो. नव्या भारतावर बोललो. माणसानं एकाच विद्येला चिकटून राहू नये, हेही सांगितलं. मी स्वतः अठरा वर्षं लठ्ठ्यांचे नंबर लिहीत होतो हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. आणि शेवटी म्हणालो, "काही झालं तर मी आहे ना."

या वाक्यानं तो तयार झाला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

काम सुरू झालं आणि गाव ओसरीत येऊन बसलं. बारा वर्षं ज्यांनी वाचनालयात पाऊल टाकलं नव्हतं त्यांना रंगाविषयी सगळं माहीत होतं. एकानं रॉकेल सुचवलं. रॉकेलनं काचा चकचकीत काळ्या झाल्या, पूर्वी नुसत्या काळ्या होत्या. कंपाउंडरनं स्पिरिट आणलं आणि अर्धं परत नेलं. हायस्कूलच्या सायन्स मास्तरांनी धुण्याच्या सोड्याचा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. पाटी बरोबर होती, रंग मात्र हलला नाही. घरी इंदू म्हणाली, "चुलीतली राख आणि चिंच लावा. आणि त्या इसरूला जेवायला पाठवा, चार दिवस तो भाकर बांधून आणतोय आणि तुम्ही त्याच्यापुढं भाषणं करताय."

राख आणि चिंचेनं थोडा रंग सुटला. इसरू एकेका काचेजवळ अर्धा दिवस बसायचा. ओलं फडकं ठेवायचा, वाट पाहायचा, बोटानं हळूच लोटायचा. नखाएवढा रंग निघे. या गतीनं पुढचं युद्ध आधी येईल, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. चिटणीसपदाला ते लागलं. मी घरून दाढीचं पातं आणलं, इसरूला बाजूला केलं आणि "हे असं करायचं" असं म्हणून सातव्या काचेवर पातं दाबलं. काच वरपासून खालपर्यंत तडकली.

मी चष्मा पुसला. "ही तडा गेलेलीच होती," मी म्हणालो. "रंगामुळे दिसत नव्हती."

इसरू माझ्याकडे पाहत होता. त्यानं फक्त माझ्या हातातलं पातं घेतलं आणि खिडकीच्या वरच्या फळीवर, कुणाला लागणार नाही असं ठेवलं.

मग साबण करणाऱ्या एका माणसानं कॉस्टिक सोड्याचा डबा दिला. त्यानं मात्र रंग असा सुटू लागला की ओसरीतली सल्ला देणारी मंडळी निराश होऊन घरी गेली. दोन दिवसांत बारा काचा दोन्ही बाजूंनी मोकळ्या झाल्या. इसरूच्या हातांची कातडी निघाली. मी त्याला खोबरेल तेलाची बाटली दिली आणि ती दिल्याबद्दल स्वतःवर खूश झालो. हातांना फडकी गुंडाळून तो काम करत राहिला. वाचनालयात ऊन आलं. कपाटात आमच्याकडे एक ज्ञानकोशाचा खंडही आहे, हे मला तेव्हा कळलं.

उरली दारावरची अर्धगोल काच. जिल्ह्याहून साहेब येणार होते, त्यांच्या हस्ते वाचनालय पुन्हा उघडायचं होतं, पण त्याला अजून पंधरा दिवस होते. त्या शुक्रवारी दुपारी एक म्हातारी बाई ओसरीत आली. काष्ट्याचं लुगडं, कपाळ मोकळं. सुगंधाबाई. ती मागच्या गल्लीत राहायची, लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची, एवढंच मला माहीत होतं. मी आमंत्रणपत्रिकेचा मजकूर लिहीत होतो.

"भाऊ, वरच्या काचेले हात लावाच्या आंधी मले एक आवाज द्यान काय?"

मला वाटलं, हिचाही काहीतरी उपाय असेल. रिठे किंवा गोमूत्र. "हो, हो," मी म्हणालो.

"तिच्यावर आमच्या घरच्यानं..." ती पुढं सांगू लागली, तेवढ्यात तारवाला शिपाई आला. साहेबांचा दौरा बदलला होता. ते येत्या रविवारीच येणार होते, म्हणजे परवा.

माझ्या डोक्यात एकदम हारतुरे, खुर्च्या, चहा, स्वागतगीत म्हणणाऱ्या मुली असं सगळं घोंगावू लागलं. "हो बाई, सांगतो, सांगतो," असं म्हणून मी उठलो. ती जराशी थांबली आणि गेली. ती गेली हे माझ्या लक्षात आलं. ती काय म्हणाली हे मात्र नाही. इसरूला मी काहीही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मी त्याला वर चढवलं. शिडी आतल्या बाजूनं लावली, कारण बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. त्यानं कॉस्टिकचं फडकं काचेला लावलं. मी खाली टेबलाशी बसून साहेबांसाठी स्वागताचं भाषण लिहीत होतो. 'अज्ञानाच्या काळोखातून' इथपर्यंत आलो होतो.

"भाऊ," वरून आवाज आला. "हे काळं नाई. लाल येऊन राह्यलं."

"खालचं अस्तर असेल. काढ."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता हिरवं येऊन राह्यलं, भाऊ. मी थांबू काय? तुमी एकडाव वर येऊन पाहा."

मी वर पाहिलं नाही. 'काळोखातून'च्या पुढं 'प्रकाशाकडे' लिहावं की 'तेजाकडे', याचा विचार चालला होता. "इसरू, साहेब उद्या येताहेत. आज काच लख्ख हवी. काढ सगळं."

त्यानं काढलं. बादलीत लाल, हिरवं, पिवळं पाणी साचलं, मग ते मिसळून मातकट झालं. तो बराच वेळ बादलीकडे बघत उभा होता. बाहेरची बाजू दुपारी करू असं ठरवून मी त्याला जेवायला पाठवलं. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात हातभर जागा राहिली होती. तिथं शिडी पोचत नव्हती.

सुगंधाबाई दुपारी आली, कारण तिला गल्लीत कुणीतरी सांगितलं. दारात उभं राहून तिनं मान वर केली. मी तेव्हा खुर्च्या मोजत होतो.

"भाऊ," ती म्हणाली, "मी तुमाले आवाज द्याले सांगतलं होतं."

तिनं आवाज चढवला नाही. मग तिनं सांगितलं. तिचा नवरा लटारू पेंटर होता. बैलांच्या खाचरांवर, म्हणजे छोट्या गाड्यांवर, फुलं काढायचा, दंडारीच्या नाटकांचे पडदे रंगवायचा. हे वाचनालय बांधलं तेव्हा ती दारावरची काच त्यानं आतून रंगवली होती. मोहाच्या झाडाखाली बसून एक बाई पुस्तक वाचते आहे, असं चित्र. हिरवं लुगडं, लाल चोळी. लटारू युद्धाच्या आधीच वारला. मग ठेकेदार आला आणि त्यानं चित्रावरून काळा हात फिरवला.

"ते बाई मी होती," सुगंधाबाई म्हणाली. "बाकीचे पडदे कुठी कुठी गेले, फाटले. हे एक राह्यलं होतं. मले वाटे, काळं हाय तोवर खाली ते सुखरूप हाय."

इसरू जेवून आला होता. तो तिच्या मागंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. फडकं गुंडाळलेले दोन्ही हात त्यानं पाठीमागं नेले, जसं काही ते दिसू नयेत.

रविवारी साहेब आले. त्यांनी वर पाहून "एक काच राहिली वाटतं" एवढंच म्हटलं, कारण बाहेरची काळी बाजू तशीच होती. स्वागताचं भाषण मी वाचलं. शेवटी मी 'तेजाकडे' ठेवलं होतं.

पण गावात बोलणं सुरू झालं. ज्या चित्राकडे पंधरा वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं त्याच्या आठवणी निघाल्या. कुणी म्हणे त्यात सरस्वती होती. देवाजी पाटील म्हणाले, "मोर होता. मले पक्कं याद आहे, मोठा मोर होता." चित्राचं असं नुकसान झालं तर जबाबदार कोण, असा प्रश्न निघाला, आणि मंडळाची सभा बोलावण्यात आली.

सभेत इसरूला उभं केलं. पाटलांनी विचारलं, "खाली रंगीत आहे हे तुले दिसलं नाही काय?"

"दिसलं, जी."

"मग थांबला काऊन नाही?"

इसरूनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तो मला दोष देत नव्हता. मी बोलीन म्हणून तो वाट पाहत होता. मी म्हणालो होतो ना, मी आहे. वहीवर माझा टाक थांबलेला होता. मी शाईच्या दौतीकडे पाहिलं. बारकाईनं पाहिलं, कडेला शाई सुकून तिची खपली धरली होती, ती अजून मला आठवते.

"चुकलं माहं," इसरू म्हणाला.

मग ठराव झाला. सभासदांनी मुद्दे सांगितले, मी त्यांना भाषा दिली. 'काच पुसणाऱ्या इसमास रंग काढण्याचे कौशल्य नसल्याकारणाने यापुढे असे काम त्यास देण्यात येऊ नये.' 'नसल्याकारणाने' हा शब्द माझा. सायन्स मास्तरांना तो फार आवडला.

घरी आल्यावर मी इंदूला सगळं सांगितलं, म्हणजे जवळजवळ सगळं. ती तांदूळ निवडत होती. "आणि तुम्ही काय बोललात?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मी चिटणीस, मला सभेत बोलता येत नाही, लिहावं लागतं. तिनं तांदळातला खडा काढून बाजूला टाकला. पुढचे दोन दिवस तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

ठराव रंगाविषयी होता, पण गावानं तो काचेविषयी वाचला. डाकबंगल्यानं इसरूला बोलावणं बंद केलं. मग बँकेनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो नको, त्याच्या हातानं वस्तू खराब होतात. आणि हात खरंच बिघडले होते. कातडी नवी आली, पण जाड आली. मी एकदा त्याला फोटोवाल्याच्या दुकानात पाहिलं. त्यानं काच पुसली, डोळे मिटून बोटं फिरवली, मग डोळे उघडून बोटांकडे पाहिलं. पुन्हा फिरवली. फोटोवाल्यानं मागून येऊन एक डाग दाखवला. मी रस्त्याच्या पलीकडून गेलो. त्यानं मला पाहिलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मे महिन्यात नवी अर्धगोल काच आली आणि जुनी विहिरीमागं टेकवून ठेवली गेली. एवढं तरी आपण करावं, असं मला वाटलं. निरुपयोगी वस्तू काढून टाकायला मंडळाचा ठराव, यादी, दोन साक्षीदार आणि लिलाव लागतो. मी काहीच केलं नाही. एका दुपारी पेंढा घातलेल्या बैलगाडीत काच ठेवली आणि सुगंधाबाईच्या घरी पोचवली. रस्त्यात सात जणांनी काच कशी धरावी ते सांगितलं. मंडळानं नंतर विचारलं तेव्हा मी 'फुटली' असं लिहिलं. काच उतरवून दिली आणि तिच्या घरात न थांबता निघून आलो. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी तिनं बोलावणं पाठवलं. रविवार होता, सकाळ. मी टोपी घातली आणि गेलो.

तिच्या कुडाच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीत काच बसवली होती. शेणामातीनं कडा सारवून, व्यवस्थित. खाली इसरू बसला होता, मांडीवर ओलं फडकं. बाहेरच्या बाजूचा काळा रंग आणि त्या राहिलेल्या कोपऱ्यातल्या चित्रावरचा आतला काळा थर त्यानं रोज येऊन काढला होता, कॉस्टिकशिवाय. राख, चिंच आणि पाणी. बरीचशी काच आता नुसती काच होती. फक्त तो हातभर कोपरा उन्हात उजळला होता. हिरव्या लुगड्याचा काठ, एक हात, आणि हातात उघडं पुस्तक. पुस्तकाचं डावं पान अर्धं होतं, उजवं नव्हतंच.

"या भाऊ, बसा," सुगंधाबाई म्हणाली. तिनं मला पाट दिला, गुळाचा चहा दिला. इसरूनं "रामराम भाऊ" म्हटलं. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि मला त्याचाच त्रास झाला.

"तुमाले यासाठी बलावलं," ती म्हणाली. "इसरू म्हन्ते, पुस्तकावर काही लिहलं हाय. मुंग्यांवानी बारीक. मले वाचता येत नाई, त्यालेबी येत नाई. तिथी वर होतं तवा कोनाले दिसलं नसन."

मी उठून जवळ गेलो. चष्मा कपाळावर घेतला. आमच्या गावात वाचता येणारी दीडेकशे माणसं होती, वाचनालयाचे सत्तावीस सभासद होते, आणि त्या दाराखालून सगळे जात होते. अक्षरं खरंच बारीक होती, पण वळणदार. पाटीवर नाव काढणाऱ्या माणसाचं अक्षर.

"सुगंधे," मी वाचलं. पहिली ओळ तेवढीच होती.

तिचा हात तोंडाशी गेला. इसरूनं फडकं खाली ठेवलं.

"तुले वाचता ये..." मी पुढची ओळ वाचली. शेवटचा शब्द अर्धाच होता. तिथं पान संपत होतं. रंग तुटल्याची कड दिसत होती, फडक्याची. "तवा हे..." मी वाचलं, आणि त्याच्या खालच्या ओळीत, "मी का..."

"पुढं?"

मी काचेकडे पाहत राहिलो. मला भाषा येते. दोन ओळी मी सहज जुळवू शकलो असतो, लटारूला शोभतील अशा, त्याच बोलीत, आणि तिला त्या जन्मभर पुरल्या असत्या. ओठांपर्यंत आल्याही होत्या. इसरू माझ्याकडे पाहत होता, तसाच, जसा सभेत पाहत होता.

"पुढचं नाही, बाई," मी म्हणालो. "पुढचं मी काढून टाकलं. यानं मला दोनदा सांगितलं होतं, थांबू का म्हणून. तुम्हीही सांगितलं होतं. मी थांबवलं नाही."

बाहेर कुणाची तरी गाय हंबरत होती. सुगंधाबाईनं डोळ्यांना पदर लावला, आणि मग पदर खाली घेऊन काचेकडे पाहिलं. इसरू उठला. त्यानं ओलं फडकं पिळलं आणि ती अक्षरं सोडून, त्यांच्या भोवतीची काच पुसू लागला.

"बरं," ती म्हणाली. "जेवढं हाय तेवढं अजून एकडाव वाचा. सावकाश वाचा."

मी वाचलं.